तिठ्यावरचा हक्क



आडरस्ता जेथे मुख्य रस्त्याला येऊन मिळतो, त्या जागेला आपण कोकणात तिठा म्हणतो. काही तिठ्यांवर आडरस्त्याच्या तोंडाशी एक लाल, अष्टकोनी पाटी उभी असते. तिच्यावर 'थांबा' एवढाच शब्द असतो. ही पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे आणि तिच्यापाशी न थांबता आपण सर्व जण पुढे गेलो आहोत. या लेखाचा विषय ती पाटी आहे. इस्लामी शिकवणुकीच्या मासिकात वाहतुकीच्या पाटीचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो काही काळ बाजूला ठेवून पुढील प्रसंग वाचावा, ही विनंती.

रमजानचा महिना होता. इफ्तारला दहा मिनिटे उरली होती. मुअज्जिनसाहेब आजारी असल्याने अजान मलाच द्यायची होती आणि मी शेजारच्या वाडीतून दुचाकीवरून मशिदीकडे परतत होतो. तिठ्यावर मला उजवीकडे वळायचे होते. उजव्या हाताने मुख्य रस्त्यावरून एक वृद्ध गृहस्थ सायकलवरून येत होते. त्यांच्या मागील कॅरियरवर पोते बांधलेले होते. ते पोहोचण्याआधी आपण निघून जाऊ, असा अंदाज मी केला आणि गेलो. अंदाज बरोबर ठरला. आरशात मात्र दिसले, की त्यांनी ब्रेक दाबला, सायकल रस्त्याकडेच्या खडीत उतरली आणि एक पाय टेकवून ते कसेबसे सावरले. मी हात वर करून दिलगिरी दाखवली आणि पुढे गेलो. अजान वेळेवर झाली. मगरिबच्या दुसऱ्या रकअतीत कोणती सूरह पढलो, हे मात्र नमाजीनंतर मला आठवेना.

कोणी पडले नाही, कोणाला खरचटले नाही. पोलिसाच्या वहीत ज्याची नोंद होईल असे काही घडले नाही. मग माझ्या मनाला टोचत होते ते काय? त्या वृद्धाचे मी काही घेतले होते का? घेतले असेल, तर ते परत कसे करावे? वाचकहो, हे प्रश्न मला वाटले होते तितके साधे निघाले नाहीत.

प्रथम 'काही झाले नाही' या समजुतीचा विचार करू. हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. प्रेषितांचे (स.) काही सहाबी प्रवासात होते. त्यांच्यातील एकाला झोप लागली असता दुसऱ्या कोणी गंमत म्हणून त्याच्याजवळची दोरी उचलली आणि तो दचकून जागा झाला. दोरी गेली नव्हती, इजा झाली नव्हती, हेतूही वाईट नव्हता. तरी प्रेषितांनी (स.) सांगितले, की मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही. म्हणजे माणसाच्या काळजाचा ठोका चुकवणे ही शरियतच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. त्या सायकलस्वाराचा धर्म मला ठाऊक नाही. या प्रश्नात तो जाणून घेण्याची गरजही नाही, कारण माणसाचा हक्क माणूस म्हणून असतो आणि शेजारी, वाटसरू, प्रवासी यांचे हक्क सांगताना आपल्या दीनने त्यांची जात विचारलेली नाही.

रस्त्याचाही हक्क असतो, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकलेली आहे. रस्त्यात बसू नका, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा सहाबींनी आपली अडचण मांडली, की आमच्या बैठका तेथेच होतात. त्यावर, बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असा आदेश झाला आणि त्या हक्कांत नजर खाली ठेवणे, सलामचे उत्तर देणे यांच्या बरोबरीने त्रास देण्यापासून हात आवरणे याचाही उल्लेख आला. ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस आपण कट्ट्यावर बसणाऱ्या तरुणांना ऐकवतो. गाडीवर बसणाऱ्यांना ती कोणी ऐकवत नाही. कदाचित ऐकवणारे स्वतःच गाडीवर असतात म्हणून!

मदरशात 'हिदाया' शिकताना एक नियम पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या संध्याकाळनंतर मला नव्याने कळला. बुरहानुद्दीन मरगीनानी (मृत्यू हिजरी सन ५९३) यांचा हा ग्रंथ हनफी फिकहचा आधारस्तंभ आहे. जनावरामुळे होणाऱ्या नुकसानीच्या प्रकरणात ते मुळाशी जातात आणि सांगतात, की सार्वजनिक रस्त्यावरून जाणे प्रत्येकाला मुबाह, म्हणजे वैध आहे. मात्र ते सुरक्षिततेच्या अटीने बांधलेले आहे. कारण असे, की रस्ता सर्वांचा मिळून असल्याने चालणारा एका अंगाने स्वतःच्या हक्कात वावरतो आणि दुसऱ्या अंगाने इतरांच्या हक्कात. यावरून पुढचे बारकावे निघतात. स्वाराचे जनावर कोणाला पायाखाली तुडवील तर स्वार जबाबदार. चालत्या जनावराने मागच्या पायाची लाथ मारली किंवा शेपटीचा फटका दिला, तर स्वार जबाबदार नाही, कारण चालताना ते टाळणे त्याच्या हाती नाही. पण तेच जनावर त्याने रस्त्यात उभे करून ठेवले आणि मग लाथ बसली, तर जबाबदार, कारण उभे न करणे त्याच्या हाती होते. टापांनी उडालेल्या बारीक खड्यांची भरपाई नाही, मोठ्या दगडांची आहे. विद्यार्थी असताना या खड्या-दगडांच्या हिशेबाचे आम्हाला हसू येई. आज वाटते, की 'टाळता आले असते काय' हा एकच प्रश्न ते बुजुर्ग किती चिकाटीने विचारत होते! माझ्या प्रकरणात त्याचे उत्तर स्पष्ट होते. चार सेकंद थांबलो असतो, तर टळले असते.

त्याच परंपरेत दोन घोडेस्वारांच्या टकरीचाही मसला आहे. दोघे समोरासमोर धडकले आणि दोघेही मरण पावले, तर प्रत्येकाची दियत, म्हणजे जीवाची भरपाई, दुसऱ्याच्या आप्तसमूहावर येते. इमाम शाफई (रह.) यांच्या मते ती निम्मी, कारण प्रत्येकाच्या मृत्यूत त्याचा स्वतःचाही वाटा आहे. (मी हनफी मदरशात शिकलो आणि माझ्या मागे नमाज पढणारे बहुतेक शाफई आहेत, त्यामुळे असे मतभेद मला दोन्ही बाजूंनी सांभाळून सांगावे लागतात.) मतभेद रकमेपुरता आहे. रस्त्यावर असण्याचा हक्क दोघांनाही होता आणि तरीही तेवढ्याने दोघांपैकी एकही मोकळा होत नाही, यावर एकमत आहे.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १९८९ साली रस्त्यावरील वाहतुकीची नियमावली लागू झाली होती. २०१७ साली तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. १९८९ च्या नियमावलीत चौकासंबंधीचा नियम असा होता, की ज्या रस्त्यावर तुम्ही प्रवेश करता तो मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला असेल तर त्यावरून जाणाऱ्या वाहनांना वाट द्या आणि तसा नसेल तर उजवीकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्या. वाचकहो, या वाक्याचे क्रियापद पाहावे. वाट 'घ्या' असे ते कोणालाही सांगत नाही. आपण बोलताना 'वाट माझी होती' असे म्हणतो. नियम मात्र देणाऱ्याशी बोलतो, घेणाऱ्याशी नाही. हक्कुल इबादची, म्हणजे माणसांच्या हक्कांची आपली सारी शिकवणही याच घडणीची आहे. आईबापांचा हक्क अपत्याला सांगितला जातो, मजुराचा हक्क मालकाला, शेजाऱ्याचा हक्क शेजाऱ्याला. ज्याच्याकडून तो जाऊ शकतो, त्याच्या कानावर तो आधी घातला जातो.

अमेरिकेत चारही बाजूंना थांब्याची पाटी असलेले चौक पुष्कळ आहेत. तेथे सर्वांनी थांबायचे, जो आधी आला त्याने आधी निघायचे आणि दोघे एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची, अशी रीत आहे. उजव्या बाजूचा हा मान वाचून एखाद्याला हर्ष होईल आणि तो त्याला शरियतचा पुरावा म्हणून मांडू लागेल. तसे करू नये. ती वाहतुकीच्या सोयीसाठी ठरवलेली रीत आहे. पण उजव्या बाजूवरून मला एक हदीस आठवते, आणि ती या विषयाच्या अगदी गाभ्याशी नेते. प्रेषितांपुढे (स.) पेय आणले गेले. त्यांच्या उजवीकडे एक मुलगा बसला होता, डावीकडे वयोवृद्ध मंडळी. प्याल्यावर पेला उजवीकडे द्यायचा हा क्रम. त्यांनी मुलाला विचारले, की या वडीलधाऱ्यांना आधी देण्याची परवानगी देतोस का? मुलगा म्हणाला, आपल्याकडून मिळणारा माझा वाटा मी कोणालाही सोडणार नाही. पेला त्याच्याच हाती दिला गेला.

या हदीसवर मी फार दिवस विचार केला. वडीलधाऱ्यांना आधी देणे ही किती सभ्य गोष्ट वाटते! तरीही ज्यांच्या शब्दाखातर सहाबी प्राण देत, त्यांनी मुलाचा क्रम परस्पर दुसऱ्याला दिला नाही. विचारले, नकार ऐकला, नकार मानला. सूरह अल-हश्रमध्ये अन्सारांच्या ईसारची, म्हणजे स्वतः गरजेत असता दुसऱ्याला पुढे करण्याची प्रशंसा आली आहे. तो ईसार स्वतःच्या घासातून होता. दुसऱ्याच्या घासातून ईसार होत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की चौकातील उर्मट माणसाविषयी पुष्कळ बोलले जाते, तेथील उदार माणसाविषयी कोणी बोलत नाही. मुख्य रस्त्यावरून येणारा एखादा चालक आडरस्त्यावरच्या दुचाकीस्वाराला पाहून मध्येच थांबतो आणि हाताने 'या, या' म्हणतो. दुचाकीस्वार त्या हातावर विश्वास ठेवून निघतो. थांबलेल्या गाडीला वळसा घालून मागून दुसरे वाहन येत असते. त्याच्या चालकाला हा हात दिसलेला नसतो. उदार गृहस्थाने स्वतःची वाट दिली, येथपर्यंत ठीक. पण मागच्याची वाटही त्यानेच देऊन टाकली आणि ती त्याची नव्हती. क्रम ठाऊक असल्याने सर्वांना एकमेकांचा भरवसा येतो. तो भरवसा मोडणारा हसत मोडतो की शिवी देत, याने धडकेत फरक पडत नाही. म्हणून माझे मत असे, की चौकात ज्याची पाळी आहे त्याने ती निमूटपणे घेणे हाही इतरांवर उपकार आहे. आपण पायी चालणाऱ्या वृद्धेसाठी थांबतो, ते निराळे. पण तेव्हाही मागे कोण आहे हे आधी पाहावे.

मग रिकाम्या तिठ्याचे काय? रात्री अकरा वाजता कोणीच नसताना त्या पाटीपाशी कोणाच्या हक्कासाठी थांबावे? आखातातून सुटीवर आलेल्या एका स्नेह्याने मला हे विचारले. तेथे तो पाटी दिसताच थांबतो. येथे उतरल्यापासून एकदाही थांबलेला नाही. तेथे कॅमेरा आहे, दंड आहे, असे तो मोकळेपणाने सांगतो. १९९३ साली ब्रुनेई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने शरियतला विरोधी नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे शरियतनुसारच वाजिब असल्याचा ठराव केला, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मौलाना, वाजिब मान्य आहे, पण तिथे कोणी नसतेच!"

त्याला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. नंतर तिठ्यावर जाऊन पाहिले. आडरस्ता जांभ्याच्या दरडीतून उतरतो. पाटीपर्यंत येईतो उजवीकडचा रस्ता दिसतच नाही. वाहन न थांबवता पुरेसे दूरवरचे दिसेल अशा जागी 'वाट द्या'ची उलटी त्रिकोणी पाटी पुरते आणि दिसत नाही अशा जागी 'थांबा'ची लावतात. कोणी येत आहे, असे ही पाटी म्हणतच नाही. येथून तुला दिसत नाही, एवढेच ती सांगते. आपण मात्र न दिसण्याला नसणे समजतो. ज्याचे ईमान गैबवर, न दिसणाऱ्यावर आहे, त्याने ही चूक करावी याचे मला नवल वाटते, आणि त्यात मी स्वतःला आधी धरतो.

घाई मुळातच वाईट, असेही नाही. हजच्या प्रसंगी अरफातहून परतताना प्रेषितांना (स.) मागून ऊंट हाकण्याचा, मारण्याचा गलका ऐकू आला. त्यांनी चाबकाने खूण करून लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि धावपळ करण्यात पुण्य नाही, असे समजावले. ह. उसामा (रजि.) त्यांच्या मागे बसले होते. ते सांगतात, की गर्दीत त्यांची चाल मध्यम असे आणि मोकळी जागा मिळाली की ते सांडणीला वेग देत. पुण्यकर्मासाठीच तो सारा जनसमुदाय निघाला होता, हे येथे लक्षात घ्यावे. माझी अजानही पुण्यकर्मच होती.

आता राहिला तो वृद्ध. ज्याचा हक्क गेला त्याने माफ केल्याशिवाय हक्कुल इबाद माफ होत नाही, हे मी दर वर्षी मिंबरवरून सांगतो. नमाज, रोजा, जकात घेऊन कयामतला येणारा आणि लोकांच्या देण्यांत ते सारे गमावून बसणारा मुफलिस, ही हदीस सांगताना माझा आवाज नेहमी चढतो. घरात, व्यवहारात ज्याला दुखावले त्याच्या दाराशी जाता येते. तिठ्यावर दुखावलेला तीन सेकंदांत दृष्टीआड होतो. ना नाव, ना गाव. ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्यासाठी दुआ करावी, अल्लाहकडे क्षमा मागावी आणि त्याच्या नावे सदका द्यावा, असा मार्ग आलिमांनी दाखवला आहे. ते मी केले. त्याने मन पूर्ण निवांत झाले, असे म्हणणे खोटे ठरेल.

स्वाराने पादचाऱ्याला आधी सलाम करावा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. दुचाकी आणि सायकल यांत मी स्वतःला स्वार समजतो. तिठ्यावर थांबलो, की सायकलवरून जाणाऱ्या प्रत्येक वृद्धाला मीच आधी हात करतो. काही जण हात करतात, काही जण ओळख पटत नसल्यासारखे पाहत पुढे जातात. त्यांच्यात ते आहेत की नाहीत, मला अद्याप कळलेले नाही.