बापाच्या बुजलेल्या विहिरी

आधारवचन : उत्पत्ति 26:18



इसहाकाच्या चरित्रात अब्राहामासारखे मोठे प्रवास नाहीत आणि याकोबासारखी झुंजही नाही. त्याचे नाव निघाले की विहिरी आठवतात. अब्राहामाच्या दिवसांत खणलेल्या विहिरी त्याच्या मरणानंतर पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेविलेली नावेच त्यांस दिली. शास्त्रलेखकाने हे सर्व एका वचनात सांगितले आहे. परंतु ज्याने बुजलेली विहीर एकदा तरी उपसली आहे त्यास ठाऊक आहे की, ते काम एका वचनाचे नव्हे.

ह्या वचनाचा अर्थ आम्हांस सेमिनरीत शिकविला गेला होता. तो कळला मात्र पुष्कळ वर्षांनी, एका मोटारसायकलीपाशी.

आमचे वडील, ज्यांस आम्ही आबा म्हणत असू, ते उपदेशक होते. कोडोली आणि पन्हाळ्याच्या पायथ्याची गावे हे त्यांचे क्षेत्र. आरंभी ते सायकलीने जात. पुढे त्यांनी एक राजदूत मोटारसायकल घेतली. पोलंड देशातील एस.एच.एल. नावाच्या गाडीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनी ही गाडी ह्या देशात बनवीत असे. दुधाच्या घागरी असोत, खताचे पोते असो, किंवा गीतांची पुस्तके व पेटी असो, ती सारखीच वाहून नेई. आमच्या लहानपणी आम्ही टाकीवर बसत असू आणि थोरले बंधू मागे. गावच्या वेशीवर गाडीचा आवाज आला की मंडळी दिवा लावून जमू लागे.

आबा 2006 साली प्रभूकडे गेले. त्यानंतर त्या गाडीवरून आम्हां दोघां भावांत बोलाचाली झाली. दादांचे म्हणणे असे की, आबांच्या आजारपणात तिची दुरुस्ती त्यांनी केली, तेव्हा ती त्यांच्याकडे जावी. आमचे म्हणणे असे की, ती ज्या घरातून निघत असे त्याच घरी राहावी. गाडीची किंमत काही फार नव्हती. शब्द मात्र फार महाग पडले. दादा गडहिंग्लजला परतले, गाडी आमच्या घरामागील शेडमध्ये गोणपाटाखाली राहिली, आणि सतरा वर्षे आम्ही दोघे लग्नकार्यात भेटून केवळ तोंडदेखले बोलत आलो. ह्याच काळात आम्ही व्यासपीठावरून समेटाविषयी किती उपदेश केले, ते आमच्या वह्यांत आजही आहेत.

कोणी विचारले तर आम्ही म्हणत असू, ती आबांची आठवण आहे, म्हणून जपून ठेविली आहे. वाचकहो, हे खरे नव्हते. जपलेली वस्तू पुसली जाते, उघडली जाते, वापरली जाते. आम्ही तिच्यावर फक्त गोणपाट घातले होते. मग ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी घरात आले. जुलै 2021 मध्ये पुन्हा आले. पाणी ओसरल्यावर पाहिले तो सायलेन्सरच्या तोंडातून गाळ ओघळत होता. तेव्हा इसहाकाच्या विहिरी आम्हांस आठवल्या. तरी आणखी दोन वर्षे आम्ही काही केले नाही, हेही लिहून ठेवितो.

2023 साली ती गाडी उद्यमनगरात एका वृद्ध मिस्त्र्याकडे नेली. आम्ही उत्साहाने किक मारण्यास पाय उचलला, तो त्यांनी हात धरिला.

"किक मारू नकासा. मारलासा तर आत उरलंय ते बी तुटंल."

त्यांनी प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल आत सोडिले आणि चार दिवस गाडी तशीच ठेविली. मग गिअरमध्ये टाकून मागचे चाक हातांनी किंचित पुढे, किंचित मागे केले. गंजलेल्या पिस्टनला असेच सोडवावे लागते. शेवटी इंजिन उघडले. बेअरिंगे गंजाने खाल्ली होती. सिलिंडर नव्याने घासून त्यास मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला. कार्बोरेटरची बारीक भोके जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बंद झाली होती. टाकीत बारीक खडी घालून ती हलवून हलवून गंज पाडिला. टायर हाताने चिरत होते. रबरी नळ्या सर्व बदलल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला सोसत नाही. (हे इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातील उसाचेही असते, तेव्हा तक्रार कोणाकडे करावी?) ही दोन-स्ट्रोकची गाडी असल्यामुळे तिच्या पेट्रोलातच तेल मिसळावे लागते, तेलाविना ती थोडक्यात जाम होते. येथे दहा कुमारींचा दाखला जोडण्याचा मोह आम्हांस झाला. परंतु उपमेसाठी शास्त्र वाकवू नये.

दीड महिन्याने गाडी सुरू झाली. तो आवाज कानी पडताच आमचे डोळे भरून आले. तरीही ती रस्त्यावर नेण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आणि मालक मरण पावल्यास वारसाने तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत गाडी आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा लागतो. आमचे नूतनीकरणही चुकले होते आणि अर्जही. दंड भरता आला असता. परंतु इतर वारसांची संमती हवी होती, आणि दुसरा वारस एकच होता.

प्रभूने मत्तय 5:23-24 मध्ये सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणिले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. आम्ही हे वचन शेकडो वेळा वाचून दाखविले होते. पाळण्यास मात्र परिवहन कार्यालयाचा एक कोरा रकाना लागला. आणखी एक गोष्ट. टाकीवरील अक्षरे पुसून स्वच्छ केली तेव्हा 'राजदूत' हे नाव उठून दिसले. पौल 2 करिंथ 5:20 मध्ये स्वतःस ख्रिस्ताचा राजदूत म्हणवितो. त्या राजदूताच्या तोंडी निरोप कोणता आहे? समेटाचा. आबा त्या नावावर बसून गावोगाव हाच निरोप नेत होते, आणि आम्ही तेच नाव सतरा वर्षे गोणपाटाखाली झाकून ठेविले.

उत्पत्तीच्या त्याच अध्यायात पुढे वाचावे. इसहाकाच्या विहिरींवरूनही भांडणे झाली. एकीचे नाव एसेक म्हणजे कलह, दुसरीचे सितना म्हणजे वैर. नंतर अबीमलेख आला, जेवण झाले, सकाळी उठून उभयतांनी शपथ वाहिली, आणि त्याच दिवशी चाकरांनी येऊन पाणी लागल्याची वार्ता सांगितली. पाणी आधीच लागते, तर ते पुन्हा भांडणाचे पाणी झाले असते, असे आम्हांस वाटते.

कोल्हापुरात रेव्ह. रॉयल वायल्डर 1852 साली आले, तेव्हापासून ह्या भागात आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ विहिरी खणल्या. संध्याकाळची घरची उपासना ही एक विहीर. शेतावर निघण्यापूर्वीची प्रार्थना ही दुसरी. किती घरांत आज्याचे पवित्र शास्त्र रेशमी रुमालात बांधून फडताळात आहे! ते आम्ही आदर म्हणून दाखवितो. त्या रुमालाची गाठ कधी सोडली होती, हे घरातील लेकराने विचारले तर काय सांगावे? आणि गाठ सोडावयास बसल्यावर असेही आढळेल की, ते शास्त्र ज्या भावाकडे असावे म्हणून वाद झाला, तो भाऊ आज त्या उपासनेत नाही. तेव्हा घाईने किक मारू नये. तेल सोडावे, थांबावे, आणि मग भावाच्या गावची एसटी धरावी.

आम्ही गडहिंग्लजला गेलो तेव्हा बोलावयाचे शब्द वाटेत जुळविले होते. दारात पोहोचल्यावर त्यांतील एकही आठवला नाही. "दादा, चुकलो," एवढेच म्हणालो. वहिनींनी चहा ठेविला. दादांनी कागद बराच वेळ वाचिला आणि म्हणाले, "किती वर्षं लावलीस रं! पेन हाय का?"

नोंदणी झाल्यावर पहिले दोन महिने गाडी आमच्याकडे होती. सध्या ती दादांकडे आहे. ऊसतोड संपून रस्ते ट्रॅक्टरांपासून मोकळे झाले म्हणजे ते तिच्यावरून कोडोलीच्या उपासनेस येणार आहेत. जुनी गाडी आहे, थांबत थांबत येईल. मंडळीने थोडी वाट पाहावी.