सप्तक नसलेली शिडी

तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला हा स्वयंभू गांधार. जर्मन संगीतकार कार्लहाइन्त्स श्टोकहाउझेनची ‘श्टुडी २’ मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा तिचा या गांधाराशी काही संबंध असेल असे वाटलेही नव्हते.

ही तीन मिनिटांची रचना १९५४ साली कोलोनच्या नभोवाणीच्या स्टुडिओत झाली. तिच्यात वाद्य नाही. फक्त यंत्रातून काढलेले निखळ साइन स्वर आणि चुंबकीय फीत. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, मग स्वर लावायचे कुठे? श्टोकहाउझेनने १०० ते ५०० हर्ट्झ हे अंतर घेतले आणि त्याच्या सारख्या पटीच्या २५ पायऱ्या केल्या. त्याच मापाने वर चढत एकूण ८१ स्वर झाले. पेटीच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतरापेक्षा ही पायरी जराशी मोठी आहे. म्हणून तार षड्ज दहाव्या आणि अकराव्या पायरीच्या मधेच हुकतो. कुठलाच स्वर दुसऱ्याची दुप्पट नाही, कुणी कुणाची सावली नाही. हे गायला जमणार नाही, हा आक्षेप मला गैरलागू वाटतो. गळ्यासाठी ते नव्हतेच. आणि एकास पाच हे नाते तर तंबोऱ्यातलेच.

मला या गणितापेक्षाही मोठी वाटते ती पुढची कृती. फीत सेकंदाला ७६.२ सेंटिमीटर धावे. छोटासा तुकडा म्हणजे सेकंदाचा अगदी लहानसा भाग. असे पाच स्वरांचे तुकडे एकापुढे एक चिकटवून तो ते एका घुमणाऱ्या खोलीत वाजवी आणि मागे उरलेली आस तेवढी फितीवर घेई. सुटे, कोरडे पाच स्वर त्या भिंतींमध्ये एकजीव होत. वाद्याला लाकडाची, भोपळ्याची पोकळी असते. इथे ते काम खोलीने केले.

मग खोली रचनेच्या बाहेर राहणे शक्यच नव्हते. त्याचे ‘गेझांग डेअर युंगलिंगे’ ३० मे १९५६ रोजी कोलोनमध्ये वाजले, ते पाच ध्वनिक्षेपक-गटांतून. एका मुलाचा गळा आणि साइन स्वर एकमेकांत विरघळत होते, आणि आवाज कुठल्या बाजूने यायचा हेही रचनेतच ठरलेले होते. आपला गवई स्वरांत जागा घेतो. इथे स्वर दालनात जागा घेऊ लागला.

‘कोंटाक्टे’ या रचनेसाठी तर आवाज फिरावा म्हणून त्याने एका फिरत्या मेजावर ध्वनिक्षेपकाचा कर्णा बसवला, भोवती चार मायक्रोफोन मांडले, आणि मेज हाताने गरगर फिरवले.