ओहोटीच्या वेळी

बसा. पाठ सैल सोडा. श्वास जसा येतो आहे, तसाच येऊ द्या.

आता मनानं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर या. किंगकम नदी समुद्राला मिळते, तिथं. शरद ऋतू. ओहोटी लागली आहे.

वास घ्या. खारा. ओला. थोडा कुजट.

पायाशी रानातलं क्लोव्हर आहे. एका देठाला तीन पानं. आपली मेथी याच कुळातली. उन्हाळ्यात इथं जांभळट गुलाबी फुलं होती, टोकाला पांढरी. आता नाहीत. पानंही सुकून जमिनीला टेकली आहेत.

बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

तरी बघा. घाई नाही.

इथल्या मूळनिवासी क्वक्वकेवक्व लोकांच्या बायका याच दिवसांची वाट पाहायच्या. पानं वाळली, की रोपाचा साठा जमिनीखाली उतरलेला असतो.

यू झाडाच्या कठीण लाकडाची टोकदार काठी. ती चिखलात शिरते. हलकेच उचकटते.

थांबा. माती सुटते आहे, ते ऐका.

खाली पांढरे, लांब, बारीक धागे. सगळे त्यांना मुळं म्हणतात. खरं तर ते जमिनीतून आडवं पसरणारं खोड आहे. एक धागा बोटांवर घ्या. गार आहे. चिखल पुसा. चावून बघा. मोड आलेल्या कडधान्यासारखी चव, किंचित गोड.

सगळं काढायचं नाही. तुटलेले तुकडे भुसभुशीत मातीत परत ठेवायचे. पुढच्या वर्षी तेच फुटतात.

एक श्वास.

प्रत्येक घराण्याचा वाफा वेगळा, हद्दीला खुंट्या. नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना इथं नुसतं कुरण दिसलं. त्यांनी गुरं सोडली.

पुन्हा हाताकडे या. मुळांच्या जुड्या बांधल्या आहेत. लाकडी पेटीत तापलेले दगड, त्यावर पाणी. वाफ उठते आहे. तिच्याकडे बघत राहा. शिजली, की ऊलिकन या छोट्या माशाच्या तेलात बुडवून खायची.

आणखी एक श्वास. मग डोळे उघडा.

ही रीत कुळप्रमुख अ‍ॅडम डिक लहानपणी आजी-आजोबांकडून शिकले. म्हातारपणी त्यांनी ती वनस्पतींच्या अभ्यासकांना शिकवली. २०१८ मध्ये ते गेले. त्याआधीच किंगकमच्या मुखाशी असा एक वाफा पुन्हा लावून झाला होता.