दासोपंतांची पदे

अंबाजोगाईस दासोपंतांच्या समाधीपाशी उभे राहिले की एक प्रश्न मनात घर करतो: ज्याचे वर्णन शब्दांना पेलत नाही असे श्रुती सांगते, त्याच्या स्तवनार्थ एका मनुष्याने एवढे अफाट का गावे?

दासोपंत हा नारायणपेठच्या देशपांड्यांचा पुत्र. महसुलाची बाकी थकल्याने बेदरच्या दरबारी तो लहानपणी ओलीस राहिला आणि दत्तात्रेयाने महाराचा वेष घेऊन सारी रक्कम भरली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. परंतु मला तिच्यापेक्षा त्याचे पुढील आयुष्य अधिक विस्मयकारक वाटते. 1551 ते 1615 या चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात गीतेवरील ‘गीतार्णवा’च्या, परंपरेने सव्वा लाख मानल्या गेलेल्या, ओव्या रचून तो थांबला नाही, सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड सुती वस्त्रावर, त्याने पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा, वेदान्तविषय लिहिला, आणि याखेरीज रागतालांत गावयाची असंख्य पदे रचली, ज्यांतील फार थोडीच आज हाती उरली आहेत.

ही हानी मला मनापासून सलते. तरीही पद गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर विरते, आणि ज्याच्यासाठी ते गायिले तो तर कागदाची वाट पाहत नसावा. मग दासोपंताने पासोडी का लिहिली असेल? कदाचित देवासाठी गाणे आणि माणसांसाठी लिहिणे, या दोन निराळ्या उपासना त्याला एकाच देहात कराव्या लागल्या असतील.