जुनी गिटार आणि मिलिंदाचा रथ

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या बाजारात 'ओरिजिनल' या शब्दाला सोन्याच्या कसाइतके वजन आहे. 1954 साली बाजारात आलेली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर किंवा 1958 ते 1960 मधली गिब्सनची सनबर्स्ट लेस पॉल विकायला निघाली, की जाणकार गिऱ्हाईक ती वाजवण्याआधी उघडून पाहते. पिकअपच्या तारांचा डाख कारखान्यातलाच आहे की नंतर कुणी छेडला, रंगावर दुसरा हात फिरला का, हे पाहायचे असते. नुसता रंग नव्याने दिला तरी किंमत निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब. लेस पॉलचा तर उडालेला रंगच मोलाचा. तिच्यातल्या लाल छटेला ऊन सोसत नसे. म्हणून कुठली मधासारखी पिवळी झाली, कुठली तपकिरी. त्या काळी ती खपत नव्हती म्हणून बंद झाली, हे आज कुणाला खरे वाटणार नाही. फेंडरच्या बाबतीत रेघ 1965 ची: त्या वर्षी लिओ फेंडरने कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली, आणि नंतरच्या गिटारींचा भाव उतरला.

प्रश्न जुनाच आहे. सुटे भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का? 'मिलिंदप्रश्ना'त भिक्खू नागसेन मिलिंद या ग्रीक राजाला विचारतो, की दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर 'नाही'. रथ हे भागांच्या आधाराने दिलेले नाव, एवढेच उरते. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाही दाखला आहे: पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात नसते, तरी दिवा दुसरा नसतो.

ॲम्प्लिफायरला हा दिव्याचा दाखला नेमका लागू पडतो. व्हॉल्व्ह झिजतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. ते न बदलता जुना सेट चालू करणे धोक्याचे. वापरातला जुना ॲम्प म्हणजे बदललेला ॲम्प, आणि त्याबद्दल सहसा कुणी नाक मुरडत नाही. पावित्र्याची सारी सोवळी गिटारीसाठी राखलेली.

गिटारीतही ती पाळली जात नाहीत. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जोडून बनली होती. ओरिजिनलच्या कसोटीवर ती पहिल्याच फेरीत बाद व्हावी. 2004 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला 9 लाख 59 हजार 500 डॉलर आले. म्हणजे मोल लाकूड-तारांच्या सलगतेला नाही, हातांतून गेलेल्या वर्षांच्या सलगतेला. 1990 च्या दशकात फेंडरने मुद्दाम ओरखडे पाडून, रंग घासून 'रेलिक' गिटारी विकायला काढल्या, तेव्हा हे उलट बाजूने दिसले. त्यांना झीज आहे, झिजणे नाही. ज्योत आहे, रात्र नाही. वाजवायला त्या उत्तम असतीलही, पण तो वेगळा गुण झाला.

तरी बाजार दोन्ही कसोट्या खिशात ठेवतो आणि सोयीची ती काढतो. डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅटोकास्टर 1969 ची, म्हणजे सीबीएसच्या काळातली. तिची नेक अनेकदा बदललेली, पिकअपही बदललेले. 2019 मध्ये ती 39 लाख 75 हजार डॉलरना गेली, आणि तोवर लिलावात एवढी किंमत कुठल्याच गिटारीला आली नव्हती.