न निवडलेली गाणी

माणसाला आपल्या आवडींची लाज केव्हा वाटावी आणि केव्हा वाटू नये, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. आमच्यापुढे तो गेल्या गणेशोत्सवात, चेन्नईतील एका मराठी घरी, अगदी अनपेक्षितपणे उभा राहिला. आरती नुकतीच आटोपली होती. आरतीच्या वेळी पस्तिशी-चाळिशीतील मंडळींच्या हातांत पुस्तिका होत्या. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांचे ओठ हलत, पण आवाज ज्येष्ठांचाच ऐकू येई. प्रसाद वाटून झाला, गप्पा सुरू झाल्या, आणि कोणीतरी सहज 'जंगल बुक' या जुन्या कार्टूनचे हिंदी शीर्षकगीत गुणगुणू लागले. पाहता पाहता सारी खोली गाऊ लागली. एक जण नागपुरास वाढलेला, एक जन्मापासून चेन्नईकर, एक तंजावरी मराठी घराण्यातील, आणि त्यांच्यात घरची तमिळ सून. तिला हिंदी बोलता येत नाही. पण या गाण्याचा एकही शब्द तिचा चुकला नाही. कोणालाही पुस्तिका लागली नाही.

आम्हांला प्रथम गंमत वाटली, आणि मागाहून विषाद वाटला. जे गाणे शेकडो वर्षांच्या भक्तीने घासूनपुसून आपल्यापर्यंत आले, ते पुस्तिकेत पाहून म्हणावे लागते. आणि जे केवळ मुलांना दूरदर्शनच्या संचापुढे बोलावण्यासाठी रचले गेले, ते मात्र हृदयात कोरलेले! घरी परतताना आम्ही या मंडळींना मनोमन दोष देत होतो. परंतु दोष देताना जे प्रश्न सुचले, त्यांची उत्तरे शोधू जाता तो दोष हळूहळू आमच्याच दारी येऊन बसला. त्याचा हा वृत्तान्त आहे.

प्रथम त्या गाण्याची कुळकथा पाहू. रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्यांचे 'द जंगल बुक' १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील लांडग्यांचा कळप राहतो तो प्रदेश सिवनीचा, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेस मध्य प्रदेशात मोडणारा. या पुस्तकावरून जपानमध्ये १९८९ साली बावन्न भागांची कार्टून मालिका तयार झाली. १९९३ च्या सुमारास ती दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा तिच्यासाठी नवे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. शेरखानाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. म्हणजे कथा इंग्रजी, भूमी गोंडवनाची, चित्रे जपानी, गीत हिंदी, आणि ते रविवारी सकाळी ऐकणारे पोर मद्रासचे. अशा गाण्याला 'आपले' म्हणावे की 'परके'?

मद्रासच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. या शहरात १९१८ साली दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे कार्य सुरू झाले. आणि याच प्रांतात १९६५ साली हिंदीच्या सक्तीविरुद्ध प्रखर आंदोलन होऊन १९६८ साली विधानसभेने दोनच भाषांचे धोरण स्वीकारले. ज्या भूमीने लादलेली भाषा निग्रहाने दूर ठेवली, त्याच भूमीतील मुलांनी त्याच भाषेतले एक गाणे आपखुशीने उराशी धरले. यात विसंगती आहे असे आम्हांला वाटत नाही. सक्ती म्हणून आलेल्या वस्तूला माणूस दारातच अडवतो; खेळ म्हणून आलेली वस्तू उंबरा ओलांडून केव्हा आत आली, हे त्याला कळतही नाही.

आता पहिला आक्षेप घेऊ. हे शीर्षकगीत म्हणजे बाजारातील घंटा. कार्यक्रमाकडे लक्ष वेधणे एवढेच तिचे काम. अशा वस्तूवर प्रेम करणे म्हणजे दुकानाच्या पाटीवर प्रेम करणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो पुरता टिकत नाही. आपल्या संगीत नाटकाची नांदीही प्रेक्षकांना खेळ सुरू झाल्याची वर्दीच देत असे. पहाटे दारी येणारा वासुदेव दान मागण्यासाठीच गात असे, आणि कीर्तनकार बिदागी घेत असे. गाणे कोणत्या हेतूने जन्मले यावरून त्याचे मोल ठरत नाही. तसे ठरवू लागलो, तर राजाश्रयाने लिहिलेली निम्मी काव्ये आपल्याला टाकून द्यावी लागतील. मात्र हेतू आणि परिणाम यांत अंतर असले, तरी हेतू अगदीच निरर्थक ठरत नाही. त्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ही आवड कोणी निवडलेली नाही. सात वर्षांच्या मुलाने दहा गाणी ऐकून, तोलून, त्यातले उत्तम ते स्वीकारले असे झाले नाही. रविवार आला, संच सुरू झाला, गाणे लागले. भाग बावन्न, आठवड्याला एक धरला, तरी पुरते वर्ष तेच गाणे कानी पडले. सक्ती दिसत नव्हती इतकेच; पुनरावृत्ती हीसुद्धा एक सक्तीच आहे. मग अशा न निवडलेल्या प्रेमाला प्रेम म्हणावे, की सवय म्हणावे?

परंतु थोडा विचार करता दिसते की, माणसाची सर्वांत दाट प्रेमे न निवडलेलीच असतात. आई कोणी निवडत नाही. मातृभाषा कोणी निवडत नाही. ज्या गल्लीत पहिल्यांदा गुडघे फुटले ती गल्लीही कोणी निवडलेली नसते. निवड ही बुद्धी जागी झाल्यानंतरची गोष्ट, आणि बुद्धी जागी होण्यापूर्वीच मनाचे घर बरेचसे बांधून झालेले असते. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अकारण व्याकुळ होतो. जवळ कोणी प्रिय माणूस दुरावलेले नाही, तरी ही हुरहुर का? कवी सांगतो की, पूर्वजन्मीची स्नेहबंधने मनात न कळत रुजून राहिलेली असतात, ती सुंदर नादाने जागी होतात. आम्हांला वाटते, पुनर्जन्म न मानणाऱ्यालाही एक पूर्वजन्म मान्य करावाच लागतो, आणि तो म्हणजे त्याचे स्वतःचे बालपण. तेथील माणूस आपणच होतो, पण तेथे परत जाता येत नाही. तेथून येणाऱ्या सुराने डोळे पाणावले, तर त्यात लाज कसली?

मात्र येथे दोन चुका संभवतात, आणि दोन्ही सारख्याच धोक्याच्या आहेत. 'मला आवडते, म्हणून ते चांगले' ही पहिली चूक. बालपणाच्या गोडव्याने सामान्य वस्तूलाही सोन्याचा मुलामा चढतो, आणि मुलामा म्हणजे सोने नव्हे. 'ते श्रेष्ठ नाही, म्हणून मला आवडता कामा नये' ही दुसरी चूक. तिने माणूस आपल्याच बालपणाशी कृतघ्न होतो. आवड आणि निवाडा ही दोन वेगळी खाती आहेत. एकाची बाकी दुसऱ्यात ओढू नये. त्या संध्याकाळी ती मंडळी गाण्याचा निवाडा करीत नव्हती. आपण निरनिराळ्या गावी, एकमेकांना न ओळखता, एकाच वेळी तेच ऐकत होतो, या जाणिवेचा तो आनंद होता. तमिळ सून आणि नागपूरकर जावई यांना जोडणारा तेवढाच एक धागा बालपणातून आलेला होता.

येथवर आल्यावर आमच्या रोषाला गाणाऱ्यांत स्थान उरले नाही. पण हेतूचा प्रश्न बाकी होता. मूल स्वतः निवडू शकत नाही याचा अर्थ कोणी निवडतच नाही असा नव्हे. त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी निवडत असते. म्हणूनच प्लेटोने आपल्या आदर्श राज्याचा विचार करताना मुलांना प्रथम कोणत्या गोष्टी सांगाव्या याची चिकित्सा केली. कोवळ्या मनावर उमटलेला ठसा सहसा पुसत नाही, हे त्याने जाणले होते. नैतिक जबाबदारी ऐकणाऱ्याची नव्हे, ऐकविणाऱ्याची आहे.

ही जबाबदारी जाणणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेला 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट आठवावा. तो विजया मुळे यांनी घडविला, चित्रे हलती केली भीमसेन यांनी, आणि संगीत दिले वसंत देसाई यांनी. पुढे पार्श्वगायिका म्हणून नावारूपास आलेल्या साधना सरगम यांचा त्यातील बालस्वर आजही ऐकणाऱ्याला ओळखू येतो. एकजुटीसारखी अमूर्त कल्पना पारधी, जाळे आणि पाखरे यांच्या जुन्या कथेतून मुलांच्या गळ्यात उतरविण्याचे ते काम होते. उपदेश होताच; पण उपदेशाने गाण्याचा श्वास कोंडला नाही. त्या कामात मराठी माणसांचा वाटा मोठा, भाषा हिंदी, आणि ऐकणारी मुले साऱ्या देशाची.

चेन्नईनेही आपल्या मुलांसाठी निवड केली. २००७ साली येथून 'चुट्टी टीव्ही' ही तमिळ बालवाहिनी सुरू झाली, आणि परदेशी कार्टूनांतील पात्रे मुलांशी घरगुती तमिळमध्ये बोलू लागली. 'जॅकी चॅन'च्या मालिकेतील तमिळ संवाद येथील तरुण आजही हसत हसत म्हणून दाखवितात. २०१३ साली याच शहरात 'चुचू टीव्ही'चा उद्योग उभा राहिला. एका बापाने आपल्या मुलीसाठी केलेल्या चित्रगीतापासून त्याची सुरुवात झाली, आणि त्यातील काही गीते जगभर शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. त्या गीतांचा दर्जा काय, यावर मतभेद होतील. परंतु मुलासाठी काही तरी करावे या इच्छेतून एका माणसाने हात हलविला, एवढे निर्विवाद आहे.

आणि आम्ही? परप्रांतातल्या आम्ही मराठी पालकांनी काय केले? मुलांनी मराठी बोलावे अशी आमची इच्छा होती. म्हणून आम्ही त्यांना रविवारी दुपारी बाराखडी गिरवायला बसविले, पाहुण्यांसमोर श्लोक म्हणायला लावले, चुकले तर सर्वांदेखत सुधारले. सकाळी संचाने त्यांना खेळ दिला होता. दुपारी आम्ही परीक्षा दिली. संचाने तेच गाणे न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हटले. आम्ही एकदा सांगून 'आता तुझे तू म्हण' म्हणालो. शिवाय आम्ही स्वतः त्यांच्याबरोबर गायलो किती वेळा? आमच्या घरापुरते उत्तर देताना मान खाली जाते. मुलांच्या ओठांवर मराठी गाणे नाही, याचा जाब परक्या भाषेला विचारणे सोपे. स्वतःला विचारणे अवघड.

परकेपणाचा मुद्दा तर या भूमीत मुळीच टिकू नये. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले. पण राज्याबरोबर सूर संपले नाहीत. मराठी कीर्तनाची पद्धत आत्मसात करून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ शब्दांवर डोलू लागले. आजही चेन्नईच्या भजनमंडळींत तुकोबा-नामदेवांचे अभंग अशी माणसे म्हणतात, ज्यांना मराठी बाजारहाटही करता येणार नाही. ते अभंग त्यांचे नव्हेत असे म्हणण्याचे धाडस कोण करील? गाणे जो प्रेमाने म्हणतो त्याचे होते. हा न्याय आपण अभंगाला लावतो, तर त्या हिंदी शीर्षकगीताला नाकारता येणार नाही.

एक चिंता मात्र उरते. पूर्वी गाणे संपेपर्यंत थांबावे लागे. त्या थांबण्यात भावंडे गोळा होत, शेजारचे पोर धावत येई. २०१७ साली नेटफ्लिक्सने शीर्षकगीत वगळून पुढे जाण्याचे बटण आणले. आता मुले एकेकट्या पडद्यापुढे बसतात आणि थांबणे हा व्यर्थ गेलेला वेळ मानला जातो. गाणे वाईट असण्यापेक्षा गाणे सामायिक नसणे ही मोठी हानी आहे. तीस वर्षांनी ही मुले कोणाच्या घरी जमली, तर एकत्र काय गातील?

त्या संध्याकाळचा एक तपशील आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. मोठी माणसे गात असताना घरातील पाच वर्षांचे मूल आईच्या पदराशी उभे राहून तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. त्याने ती मालिका पाहिलेली नाही. दुसऱ्यांदा गाणे सुरू झाले तेव्हा तेही शेवटचे अक्षर ओढू लागले. त्याला हे शीर्षकगीत आहे याची वार्ता नाही. आई-बाप हसत हसत म्हणतात ते गाणे, एवढीच त्याची ओळख. परंपरा सुरू होते ती अशीच, आणि आरतीही कधी काळी अशीच शिकली गेली असली पाहिजे.

तेव्हा त्या मंडळींकडून ते गाणे हिरावून घेण्याची इच्छा आम्हांला आता उरलेली नाही. त्याच्या शेजारी आमचेही एखादे असावे, एवढीच आहे. त्यासाठी पुस्तिका खाली ठेवावी लागेल, आणि मुलाला शिकविण्याऐवजी त्याच्या देखत, स्वतःला आनंद होतो म्हणून, गावे लागेल. आमचा आवाज आता फारसा चांगला नाही. पण पाच वर्षांचा श्रोता आवाजाचा निवाडा करीत नसतो.