मागे जाण्याची सोय

आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू बिघडण्यापूर्वी सूचना देतात. पंखा आधी कुरकुरतो, मिक्सर आधी वास सोडतो, आणि मी बिघडणार असलो तर, सौ.च्या म्हणण्याप्रमाणे, आदल्या रात्रीपासून घसा खाकरायला लागतो. संगणकाला एवढी रीतभात नाही. संध्याकाळी सातला तो उत्तम चालत होता आणि सात वाजून दहा मिनिटांनी त्याची वाचा गेलेली होती. गाणं नाही, छपाई नाही, काही नाही. "मधल्या दहा मिनिटांत तुम्ही काय केलंत?" असं सौ.ने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मधल्या दहा मिनिटांत मी नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर संगणकात बसवला होता. ड्रायव्हर या जातीने मला नेहमीच दगा दिलेला आहे. आमच्या लग्नात वऱ्हाडाची बस भलत्याच कार्यालयात नेऊन उभी करणारा गृहस्थही ड्रायव्हरच होता.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, घाबरू नका. कशाला हात लावू नका. फक्त सिस्टिम रिस्टोअर उघडा, सकाळची तारीख निवडा आणि चहा घ्या."

ही सोय विंडोजमध्ये २००० सालापासून आहे, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे पाव शतक लोक बिनदिक्कत आदल्या दिवसावर जाऊन येत होते आणि मी आपला सरळ पुढेच चाललो होतो! नवा ड्रायव्हर वगैरे बसवण्याआधी यंत्र आपल्या आतल्या मांडणीची नोंद करून ठेवतं. पुढे घोटाळा झाला, की त्या नोंदीवर परत जायचं. मध्ये बसवलेले प्रोग्रॅम जातात, पण तुमची पत्रं, फोटो, हिशेब यांना धक्का लागत नाही.

मोठ्या उमेदीने मी ती सोय उघडायला गेलो. ती उघडली नाही. पडद्यावर एक अदबशीर चौकट आली. तिचा मतलब असा, की ही सोय तुमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलेली आहे.

मी सौ.कडे पाहिलं. आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी तीच बंद करते. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी त्या डब्याला हातसुद्धा लावत नाही."

भाच्याला पुन्हा फोन. "मामा, तुमच्या कॉम्प्युटरचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्हीच." म्हणजे मीच केव्हातरी परतीचा दरवाजा बंद केला होता आणि आता मीच बाहेर उभा राहून कडी वाजवत होतो. मग आठवलं. मागे एकदा संगणक चपळ करून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम मी घेतला होता. त्याने एकामागून एक सतरा प्रश्न विचारले आणि मी पंगतीत भाताला 'वाढा' म्हणावं तसं सतरा वेळा 'हो' म्हटलं. 'मागच्या नोंदी कशाला हव्यात? उगाच जागा खातात,' असं त्यातल्या एका प्रश्नात बहुधा असावं.

भाचा रविवारी येणार होता. मध्ये तीन दिवस. संगणक मुका असल्यामुळे विचार करण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता, आणि विचार एकाच ठिकाणी जाऊन बसायला लागला. माणसाला अशी सोय असती, तर मी कोणती तारीख निवडली असती?

तारीख शोधावी लागली नाही. २०१४ साल, बाबांच्या वर्षश्राद्धाचा दिवस. विषय होता त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाचा. ते दादाने न्यावं की मी, एवढाच. दादा म्हणाला, "मी थोरला, मी नेतो." त्यावर मी, भरल्या घरात, दोन्ही काकूंच्या देखत म्हटलं, "बाबांच्या दुखण्यात तू किती रात्री जागलास, ते एकदा सांग."

दादा जागला नव्हता, हे खरं. तो नोकरीनिमित्त नागपूरला होता. पण इस्पितळाचं प्रत्येक बिल त्याने भरलं होतं, आणि त्यातलं मला एकही दाखवलं नव्हतं. दादा काही बोलला नाही. त्याने टोपी घेतली आणि तो गेला. तेव्हापासून आम्ही लग्नाकार्यात भेटतो, "काय, बरं?" "बरं." एवढं बोलतो आणि दोघंही मठ्ठ्याच्या दिशेने जातो. घड्याळ माझ्याकडे आहे. बंद आहे.

तेव्हा त्या सकाळवर परत जायचं आणि ते वाक्य गिळायचं. सोपं दिसतं. पण आपल्याकडे अशा गोष्टींची मोठी पंचाईत आहे. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा. अश्वत्थाम्याबद्दल अर्धं खरं बोलल्याबरोबर तो खाली टेकला, तो टेकलाच. प्रत्यक्ष श्रीकृष्ण शेजारी असताना! आमच्या रथाची चाकं मुळातच चिखलात. आमचं काय?

शिवाय त्या सोयीत आणखी एक खोच आहे, ती भाच्याने फोनवर सांगितली. मागे जाण्यापूर्वी यंत्र विचारलंत तर यादी देतं, की एवढं एवढं नाहीसं होईल. मी माझी यादी करून पाहिली. त्या सकाळनंतर नात झाली. त्या भांडणानंतरच, लाज वाटून असेल, मी सौ.ला चारचौघांत टोमणे मारणं कमी केलं (हा दावा तिला मान्य नाही). म्हणजे ते वाक्य गिळलं तर त्याच्या अपचनातून जे थोडंफार शहाणपण आलं, तेही परत करावं लागेल. पश्चात्ताप झालेला माणूस मागे गेला की त्याचा पश्चात्तापही जाणार, आणि मग तो तिथे उभा राहून तेच वाक्य पुन्हा म्हणणार!

आणि मला खरोखर हवं काय होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर ते वाक्य पुसलं जावं आणि मी मात्र आहे तस्साच राहावा, एवढंच. यंत्र नेमकं उलटं करतं. तुम्ही लिहिलेलं एक अक्षर ते पुसत नाही. शिवीगाळ केलेली असेल तर तीही जशीच्या तशी राहते. बदलते ती आतली मांडणी. सगळं सुरळीत चालत होतं तेव्हा जशी होती, तशी. तीन दिवस मी हे उलटसुलट करून पाहिलं आणि मला वाटू लागलं, की भावाभावांत यापेक्षा अधिक काही मागणं म्हणजे चोरीच. दादाने ते वाक्य विसरावं, असं सांगायचा मला काय अधिकार? तो वाक्य लक्षात ठेवून पुन्हा बोलला तर बोलला.

रविवारी भाचा आला. दोन पोहे-प्लेटांच्या अवधीत त्याने रजिस्ट्रीत जाऊन सोय बंद करणारी नोंद काढून टाकली, निजलेली एक सर्व्हिस उठवली आणि ती चौकट एकदाची उघडली. आम्ही तिघं वाकून पाहू लागलो. आत काहीच नव्हतं. सोय बंद केली तेव्हाच जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. परत जायला एकही तारीख शिल्लक नव्हती!

"आता?" सौ.ने विचारलं.

"आता ड्रायव्हर हाताने काढायचा," भाचा म्हणाला, आणि काढला. संगणकाला वाचा फुटली. "मामा, आता एक नोंद आजची करून ठेवू. नाव काहीतरी द्या. तारीख-वेळ तो आपोआप घालतो."

मी कळफलक पुढे ओढला आणि सावकाश, एका बोटाने, लिहिलं: 'दादाला फोन करण्यापूर्वी'.

भाच्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि उगाचच पोह्यांची रिकामी प्लेट घेऊन आत गेला. सौ. काही बोलली नाही. तिने वहीतून नागपूरचा नंबर काढून समोर ठेवला. तो मला पाठ होता.

चार वेळा घंटी वाजली. वहिनींनी उचलला.

"वहिनी, मी बोलतोय."

बराच वेळ काही नाही. मग त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, भाऊजींचा फोन आहे." आणि मला म्हणाल्या, "थांबा हं, भाऊजी. त्यांना उठायला जरा वेळ लागतो हल्ली."

मी थांबलो.